मांडीखालचे हात

मुसळाला आंब्याच्या पानांचा टाळा बांधलेला होता, आणि हळदीने माखलेली चिंधी.

सक्शनची नळी तोंडात घातली की आवाज येतो तो कोरड्या नळाला तोंड लावून पाणी ओढणाऱ्या पोराचा.

ठाण्यात खोपटच्या डेपोत एसटीतून उतरणाऱ्या बाईच्या पिशवीतून एक कोंबडी मान बाहेर काढून बघत होती. कुणाकडे नाही, नुसती बघत होती.

"नवस केला देवीला, गुन दिलान येशूनी. आता कोंबरा कोनाला देव?" असं आई फोनवर म्हणाली आणि स्वतःच हसली.

कोमट पाण्याचा टोप. पाण्यात मीठ. मिठाच्या पाण्यात नवऱ्याचा उजवा हात. पाणी हळूहळू गुलाबी.

एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असा घरी जाणारा माणूस.

चांगला बसवलेला दात सगळ्यांना फसवतो. जिभेला नाही.

सोमवारी सकाळचा दुसरा पेशंट गेला होता. दर्शना ट्रेमधली हत्यारं धुवायला नेत होती (सर त्यांना इन्स्ट्रुमेंट्स म्हणतात, ती मनात हत्यारंच म्हणते) आणि दवाखान्याचं काचेचं दार कुणीतरी खांद्याने ढकललं. तिने आधी तो खांदा ओळखला. मग तोंडावर धरलेला टॉवेल, टॉवेलावर सुकून तपकिरी झालेलं रक्त, आणि त्याच्या वर डोळे. भिवाचे डोळे. बापाचे डोळे राकेशला गेले आणि हनुवटी दर्शनाला आली असं गावात म्हणायचे, म्हणजे दोघांना शेजारी उभं केलं तर मेलेला भिवा पुरा व्हायचा. चार वर्षं दोघं शेजारी उभी राहिली नव्हती. सख्खा मोठा भाऊ, दादूस. चार वर्षांपूर्वी त्याने तिच्या तोंडावर मुसळ मारलं होतं आणि आता तो नौपाड्यात, ती काम करते त्या दातांच्या दवाखान्यात, पायपुसण्यावर पाय पुसत होता. व्यवस्थित पुसत होता. कुणाच्या घरी पूजेला आल्यासारखा. तिच्या जिभेने वरच्या पुढच्या दातांना आतून ढकलून पाहिलं. दिवसातून किती वेळा ती हे करते ते तिला माहीत नाही. झोपेतही करते असं तिचा नवरा हर्षित म्हणतो. दात घट्ट होते. ते ह्याच खुर्चीत बसवले होते. पुढे सरांची जुनी मदतनीस लग्न करून नाशिकला गेली तेव्हा दर्शनाने विचारलं होतं, मी येऊ का? तिला रक्ताची भीती उरली नव्हती. एवढीच लायकी होती, ती सरांना पुरली.

तिने केसपेपर घेतला आणि न विचारता नाव लिहिलं, आडनावही लिहिलं. लग्नाआधी तेच तिचं होतं. सरांच्या, डॉक्टर विनीतांच्या, ते लक्षात आलं नाही. ते जन्माने, शिक्षणाने, बोलण्याने नौपाड्याचे. पेशंटला घाबरवायचं नाही म्हणून प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणतात. काय झालं? राकेशने टॉवेल काढला. वरचा ओठ फाटून सुजला होता, आणि त्याच्या मागे, अगदी तिथे, तिच्याच जागी, तुटक्या दातांचे खुंट. परलो, तो म्हणाला. कुठे? आंबिवलीला, रस्त्यात. सरांनी त्याचे तळहात उलटून बघितले. मग म्हणाले, पडणारा माणूस हात पुढे टाकतो हो, तुमच्या तळहातांना साधं खरचटलेलं नाही. राकेश खुर्चीत चढला, मागे टेकला, आणि दोन्ही हात, तळवे खाली करून, स्वतःच्या मांड्यांखाली सरकवले. घाईने नाही. रोजची वस्तू रोजच्या जागी ठेवावी तसे. हे हात दर्शनाने आधी ऐकले होते. काल दुपारी. जेवताना.

काल रविवार. हर्षित दुपारी घरी आला तोच टोप मागत. त्याचे दोन डंपर आहेत, कल्याणच्या खाडीकडच्या गावांतून माती आणि खडी वाहतात. हाताला काहीतरी लागून येणं त्याच्या धंद्यात नवीन नव्हतं, म्हणून तिने काही न विचारता पाणी कोमट केलं, मीठ टाकलं. मग पाणी गुलाबी झालं. बोटांच्या सांध्यांवर दाताच्या आकाराचे चिरे होते. त्याने डाव्या हाताने बोंबील खाल्ले, मागून घेऊन खाल्ले, आणि सांगितलं. राकेश दर रविवारी जातो ती आंबिवलीची प्रार्थना सुटली तेव्हा तो आणि त्याचा एक चुलतभाऊ जिन्याखाली उभे होते. राकेश खाली आला. पहिला फटका बसला तसा तो खाली बसला. "रस्त्यात मांडी घालून बसला गं. हात खाली घालून. पोरगा शाळेत शिक्षा भोगतो तसा. मारायला मजाच नाही आली." मग काटा काढत, जणू तिला भेट देतोय अशा आवाजात: "तुझं नाव घेऊनच मारला. बोललो, दर्शनाने पाठवलंय." ती म्हणाली, मी कधी पाठवलं? त्याने मान वर केली. तो खरंच चकित झाला होता, आणि त्याचं ते चकित होणंच तिला आता आठवत होतं, रक्तापेक्षा जास्त. "तूच नाय का बोललीस."

बोलली होती. त्याच आठवड्यात, तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता. मार असं म्हणाली नव्हती. म्हणाली होती, आई सांगते दादूस आता कुणावर हात उचलत नाही. कुणीही यावं, टपली मारून जावं. चार वर्षं तुला त्याची भीती वाटत होती ना रे? आता नको वाटायला. आणि भाकरी उलटली होती. भाकरी फुगली होती. जात्यात मूठ टाकावी तसं तिने ते वाक्य टाकलं, आणि जातं फिरवायला हर्षित होताच. तिला माहीत नव्हतं असं नाही. तिला राकेशचे दात नको होते. दातांचं काय करायचं? तिला त्याची शांती पाडायची होती.

"लोकल देतोय, थोडं टोचेल," सर म्हणाले, आणि सुई हिरडीत गेली. राकेशचे डोळे वर, दिव्यात. दर्शना त्याच्या डाव्या बाजूला, नळी हातात. एवढ्या जवळून तिने त्याला लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. कानामागचा तीळ तिथेच होता. दाढीत पांढरे केस आलेले. तोंडाला दारूचा वास नाही. हे तिला आवडलं नाही. दारूचा वास आला असता तर ती ह्या माणसाला ओळखत होती. दारूचा वास तेव्हाही नव्हता तसा, त्या दिवशी, मांडवात. लोक नंतर म्हणाले प्यायला होता, म्हणजे सगळ्यांना बरं वाटलं. प्यायला नव्हता. चुलतबहिणीची हळद होती. भरदुपार, स्पीकर लागलेला, बायका उखळात हळद कुटत होत्या. गावात बहिणी एरवी एका जागी सापडत नाहीत, कुणी पनवेलला, कुणी भिवंडीला, कुणी दिव्याला दिलेली. हळदीला मात्र सगळ्या येतात. म्हणून हक्कसोडीचे कागद हळदीतच फिरतात. सह्या आज, कचेरी उद्या. नदीकाठची जमीन बिल्डरला जायची होती आणि बापाच्या मागे बहिणींचे हक्क सुटायला हवे होते. पत्रावळ फिरावी तसा कागद फिरला. पिवळ्या हातांनी बहिणींनी सह्या केल्या, एका म्हाताऱ्या आतेने अंगठा उठवला तोही पिवळा. कुणी एक शब्द वाचला नाही. वाचायचा नसतो. भावावर विश्वास नाही असं भावकीत सांगायचं असेल तरच वाचतात. कागद दर्शनाकडे आला. ती सही करणारच होती. हे तिने नंतर कुणाला सांगितलं नाही कारण कुणी विचारलं नाही, पण ती सही करणारच होती, पेन उघडलेलं होतं. ती एवढंच म्हणाली, थांब, वाचते. आणि पहिली ओळ वाचायला लागली. ओठ हलवत, कारण कोर्टाची मराठी तशीच वाचावी लागते. स्पीकरवरचं गाणं संपलं होतं, दुसरं लागायचं होतं, आणि त्या मधल्या शांततेत सगळ्या मांडवाला दिसलं की भिवाची पोर वाचतेय. कुणीतरी हसलं. कुणीतरी राकेशला म्हणालं, बघ रे, तुझी बहीण तुझी परीक्षा घेते. राकेशने एका बाईच्या हातातून मुसळ घेतलं. लोकांना वाटलं गंमत. टाळा बांधलेलं, खाली लोखंडी कडं असलेलं मुसळ त्याने

"सक्शन," सर म्हणाले. "दर्शना, सक्शन."

तिने नळी आत घातली. रक्त नळीत चढलं. आपलं रक्त कसं चढलं असतं ह्या नळीत, हे ती कितीदा इतरांच्या रक्तावरून मोजत आली होती. एक दात उखळात पडला होता, कुटलेल्या हळदीत. तो कुणी शोधला नाही. हळद तीच लागली नवरीला, दुसरी नव्हती. भावकीत पोलीस बोलावत नाहीत. आठवड्याने आई तोच कागद घेऊन आली, पिशवीत केळी आणि कागद, आणि तोंड शिवलेलं असल्यामुळे दर्शनाला बोलता येत नव्हतं, सही करता येत होती. ती केली. न वाचता. आई कॉटच्या कडेला बसून रडली आणि तिनेच आणलेलं एक केळं तिने स्वतः खाल्लं.

मग चार वर्षं राकेश नव्हता. म्हणजे होता, तो बिघडल्याच्या, कुठे कुठे पडलेला सापडल्याच्या, खाडीवर कुणाला तरी कोयता दाखवल्याच्या बातम्या यायच्या आणि त्या दर्शनाला गोड लागायच्या. औषध लागावं तशा लागू पडायच्या. रात्री जीभ दातांवर फिरवत ती एखादी बातमी पुन्हा आठवायची. मग बातम्या थांबल्या. आई म्हणाली, "सोरलान त्यानी. दारू सोरलान, हात उचलना सोरलान. रडतं सारखा. आंबिवलीला येशूकरं जातं." दर्शनाने विचारलं, माझ्याकडे यायला काय झालं त्याला? आईने नवसाचं काढलं. मग कोंबड्याचा विनोद. मग फोन कापला.

त्यानंतर एका रविवारी ती आंबिवलीला गेली होती. टायरच्या दुकानाच्या वर एक लांब खोली, जिन्याच्या पायऱ्यांवर चपला. ती वर गेली नाही, जिन्यात चपलांमध्ये उभी राहिली. वर टाळ्या, गाणं, मग परशुराम नावाच्या कुणा रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाचा आवाज, आता राकेशभाऊ साक्ष देतील. माइक खरखरला. आणि तिच्या भावाचा आवाज पुस्तकी मराठीत बोलायचा प्रयत्न करत खाली तिच्यापर्यंत आला: मी माझ्या बहिणीच्या तोंडावर मुसळ मारलं. हळदीच्या मांडवात. तिचा दात हळदीत पडला. खोलीतून हुंदके. कुणी बाई म्हणाली, हे प्रभू. आवाज पुढे: मी दारूत त्या दाताला शोधायचो. मग ह्याच जागी मला कळलं की मला माफ केलंय, मी मागायच्या आधीच केलंय. त्याचे हात खिळ्यांनी धरले होते, माझे हात मी स्वतः धरतो. तेवढंच मला जमतं. आणि वर सगळे एका आवाजात हालेलूया म्हणाले. तिच्या दातांवर. तिचे दात तिथे दर रविवारी पडत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. तिला विचारलं कुणी? माफी कुणाची, देणारा कोण, घेऊन मोकळा झालेला कोण, आणि जिन्यात उभी कोण. तिने खाली बघितलं. त्याची चप्पल तिने ओळखली, टाच एका बाजूला झिजलेली, लहानपणापासून तो तसाच चालतो. तिने त्यातली एक उचलली, पर्समध्ये घातली, आणि पुलावरून काळू नदीत टाकली. संध्याकाळी आईचा फोन: त्याची चप्पल कुनी नेलान. एकच. चोरानी दोनी तरी न्यावी. आणि तो म्हणे एका चपलेने गावभर हसत आला.

हसत. ते हसणं तिला सहन झालं नव्हतं. भाकरीच्या वेळचं वाक्य त्या हसण्यातून आलं होतं, आता तिला धागा दिसत होता, हिरडीतला धागा दिसावा तसा, ओढला की सगळं येतं.

सरांनी पक्कड लावली. खुंट हलवला, डावीकडे, उजवीकडे, हाडाचा तो चुरचुरणारा आवाज जो पेशंटला कानात नाही, डोक्यात ऐकू येतो. दर्शनाला माहीत होतं कसा ऐकू येतो. पहिला खुंट निघाला, ट्रेमध्ये पडला, टंग. खड्ड्यात रक्त भरलं. सर गॉज घ्यायला वळले, आणि तिने सक्शनचं टोक त्या उघड्या खड्ड्यावर टेकवलं. टेकवलं आणि दाबलं. भूल तिथे नीट चढलेली नसावी. कारण राकेशचं सगळं अंग ताठ झालं, आणि उजवा हात मांडीखालून सुटला, वर आला, मुठीसकट, तिच्या तोंडाच्या उंचीपर्यंत. तिने डोळे मिटले नाहीत. चार वर्षं ती ह्याच हाताची वाट बघत होती. ये, असं तिच्यातलं कुणीतरी म्हणालं. ये, म्हणजे सगळं पुन्हा जसं होतं तसं होईल, तू तोच आणि मी तीच, वरची खोली खोटी, माइक खोटा. मूठ हवेत थांबली. मग बोटं एकेक करून उघडली, आणि तो हात, एखाद्या वळण लावलेल्या कुत्र्यासारखा, आपणहून खाली गेला, मांडीखाली शिरला. राकेशचे डोळे दिव्यावरून उतरून तिच्यावर आले होते. त्यांत पाणी होतं. राग नव्हता, आणि समजलं नाही असंही नव्हतं. तिने मुद्दाम केलं हे त्याला समजलं होतं, नळीचं, आणि त्यामागचंही सगळं. दर्शनाने नळी उचलली. ती मागच्या भिंतीला टेकली. सर म्हणाले, बरं वाटत नाहीये का? ती म्हणाली, नाही, ठीक आहे.

बाकीचे खुंट निघाले. टंग. टंग. सरांनी टाके घातले, कापसाचा बोळा ठेवला, हातमोजे काढले आणि बाहेरच्या खोलीत फोन घ्यायला गेले. सूचना दर्शनाने द्यायच्या असतात, तिला त्या पाठ आहेत. कापूस दाबून धरा, ती म्हणाली. थुंकू नका. गरम खाऊ नका. मग आवाज कुठेतरी घसरला आणि ती म्हणाली, बोलू नको. बोलू नको, आणि मग स्वतःच बोलली.

"हर्षितला मी बोललेले. मारायला."

त्याने पापण्या खाली करून वर केल्या. ठाऊक आहे. अर्थातच ठाऊक होतं, नाव घेऊनच मारला होता. रस्त्यात बसून, हात मांडीखाली घालून, प्रत्येक फटक्याबरोबर त्याने बहिणीचं नाव ऐकलं होतं, आणि रात्र काढून सकाळी उठून, ठाणे-कल्याण पट्ट्यात दातांचे एवढे दवाखाने सोडून, त्याच बहिणीच्या दारात पाय पुसले होते.

"मग इथे कशाला आलास?" ती म्हणाली. "माझ्याकडे कशाला?"

त्याने कापूस काढला. ओठ सुन्न होते, शब्द गोळा होऊन यायचे, लाळेबरोबर रक्त. "तुज्याकरंच येवाचं व्हतं, बाय. चार वरसा खालच्या जिन्यापरत आलू नि गेलू." तिला तो जिना दिसला, नौपाड्यातला, रोजचा, खाली झेरॉक्सचं दुकान. ती आंबिवलीच्या जिन्यात, तो ह्यात. मग त्याने ते सांगितलं जे ती चार वर्षं त्याच्या तोंडून ऐकत आली होती, अंघोळ करताना, एसटीच्या खिडकीत, वेगवेगळ्या आवाजात, कधी पाय धरून, कधी रडून, आणि प्रत्येक वेळी तिचं उत्तर तयार असायचं, तोडून टाकणारं. मना माफ कर. सुन्न ओठांतून ते नीट आलंच नाही, नुसते स्वर आले, तान्ह्या पोराचे येतात तसे. आणि तिचं तयार उत्तर तिला सापडेना. तिने शोधलं. जिथे ठेवलं होतं तिथे नव्हतं. त्या जागी भाकरी उलटणारा एक हात होता, तिचा स्वतःचा.

"मिटलं ना आता," ती म्हणाली, कडवटपणे म्हणायला गेली. "माझे गेले, तुझे गेले."

त्याने मान हलवली. नाही. बराच वेळ हलवत राहिला, जणू हे तिला कळलंच पाहिजे.

"तसा मिटत नाय. मना फुकट मिललाय, बाय. तुना पन फुकटच हाय."

एवढं बोलून त्याच्या हनुवटीवरून रक्त ओघळलं आणि तिने ते पुसलं. कामाची सवय. गॉज घेतला, पुसलं. पुसताना तिला कळलं की आपण ह्या माणसाची हनुवटी हातात धरली आहे. मी पण, ती म्हणाली. वाक्य पुरं झालं नाही. मी पण दादूस. मला पण. त्याने दोन्ही हात मांडीखालून काढले. तळव्यांवर रेक्झिनची शिवण उमटली होती. एक हात वर आला, सावकाश, आणि तिचं अंग आपोआप आक्रसलं, खांदे कानांशी गेले, कारण अंगाला भाषा कळत नाही, अंग तो हात ओळखत होतं. हात हवेतच थांबला. तिच्या डोक्यावर, वीतभर वर. त्याने खाली आणला नाही. तो थांबून राहिला, जेवढा वेळ लागेल तेवढा थांबणार असल्यासारखा. बाहेर सर फोनवर कुणाला तरी पुढच्या मंगळवारची वेळ देत होते. खाली रिक्षावाला आणि कुणी बाई सुट्ट्यांवरून भांडत होते. दर्शनाने मान खाली केली आणि आपलं डोकं त्या हाताखाली नेऊन लावलं.

हात जड होता. ऊबदार, वजनाखाली दबून राहिलेला म्हणून घामेजलेला. त्याने प्रार्थना केली असावी. शब्द एकही लागला नाही, भूल आणि रक्त आणि आगरी सगळं एकत्र, त्यातून एकच सारखं सारखं येत होतं, बापा, बापा. तिला आधी भिवा आठवला. मग नाही आठवला. मग तिला वरच्या खोलीतून, माइकवर ऐकलेलं ते वाक्य आठवलं, माफ केलंय, मी मागायच्या आधीच, आणि ते पहिल्यांदा जिन्यातून नाही, समोरासमोर ऐकू आलं. ती ह्यावरच चिडली होती की तिला न विचारता कुणी तरी देऊन टाकलं. आता तिलाही न विचारता देऊन टाकलं होतं. तिने मागण्याआधी, रस्त्यात, फटके बसत असताना. देणाऱ्याला रक्त आलेलं होतं. ह्याच्या तोंडाला, आणि त्याच्याही आधी, खिळे ठोकलेल्या त्या दुसऱ्याच्या हातांना. तिला कुठला प्रकाश दिसला नाही. सूज उतरायला लागली की दुखणं जात नाही, ताण जातो; तसं काहीतरी. खूप वेळाने तिच्या लक्षात आलं की तिची जीभ तोंडात स्वस्थ पडली आहे. दातांना ढकलत नाहीये. चार वर्षांत पहिल्यांदा ती नुसती जीभ होती.

"अहो, कापूस का काढला? बोलू नका म्हटलं होतं ना?" सर दारात होते. मग त्यांनी हात पाहिला, डोकं पाहिलं. आवाज खाली आणत त्यांनी विचारलं, तुमच्या ओळखीतले का? भाऊ आहे, दर्शना म्हणाली. सरांनी केसपेपरवरचं आडनाव वाचलं. मग राकेशचं तोंड बघितलं, मग तिचं, ज्यातले दात त्यांनी स्वतः बसवले होते, मापं घेऊन, रंग जुळवून. "तुम्हीही पडला होतात," ते म्हणाले. "तेव्हा." ती हो म्हणाली. राकेशने नवीन कापूस तोंडात दाबून धरला आणि हात पुन्हा मांडीखाली ठेवायला गेला, मग ठेवले नाहीत. नुसते मांडीवर ठेवले. उघडे.

संध्याकाळी हर्षितने विचारलं, काय, दिसला का कुठे तुझा येशू? ती म्हणाली, दिसला, टाके घातले त्याला. मी नळी धरली. हर्षित हसला, मग थांबला, कारण ती हसत नव्हती. ती म्हणाली, मारायला मीच लावलं, ते माझं मी बघेन. पण माझं नाव घेऊन तू मारलंस, ते नाव मी परत घेतलं. पुन्हा कुणावर वापरायचं नाही. त्याने टोपाला लाथ मारली, टोप भिंतीवर आपटला, शेजारचा रेडिओ थांबला. ती मागे सरली नाही. तो तिच्यासमोर उभा होता, सुजलेली मूठ घेऊन, आणि तिला त्याची भीती वाटली, पण भीतीच्या खालची जमीन हलली नाही. हे तिला नवीन होतं. रविवारी मी आंबिवलीला जाणारे, ती म्हणाली. वर जाणारे, जिन्यात नाही थांबणार. तुला यायचं तर ये. ज्याला मारलंस तो दारातच असतो, चपला लावत. हर्षित काहीतरी घाण बोलला. मग स्वतःच वाकून टोप उचलला, आणि तो चेपला होता म्हणून आतून मुठीने सरळ करायला गेला, आणि कळवळला. तिने त्याच्या हातातून टोप घेतला, पुन्हा पाणी ठेवलं. मीठ टाकलं. हात घाल, म्हणाली.

दर्शनाचा पहिला दुधाचा दात राकेशने काढला होता, दोरा बांधून. शेणाच्या गोळ्यात घालून त्याने तो घराच्या कौलावर फेकला. पहिल्यांदा घसरून खाली आला. दुसऱ्यांदा राहिला.